तळ्याकाठच्या गावाची तोंडी परीक्षा

ज्या गावात मी कधी गेले नाही आणि आता बहुधा जाणारही नाही, त्या गावातला एकूण एक रस्ता मला पाठ आहे. गाव स्वित्झर्लंडमध्ये आहे, एका मोठ्या तळ्याच्या उत्तर काठावर. माझी मुलगी तिथे राहते. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर वाचणारा ते मोठ्याने म्हणून बघणार आणि चुकीचं म्हणणार, आणि मला ते सहन होणार नाही. आमच्या घरात त्याला नुसतं ‘गाव’ म्हणतात. आमच्या ह्यांचं मूळ गाव उमरेडच्या बाजूला आहे, पण गेल्या काही वर्षांत ‘गावचं काय म्हणते?’ असं त्यांनी विचारलं की ते आल्प्सच्या समोरच्या गावाबद्दल विचारत असतात.

मी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. हे इतवारीत भांड्यांचं दुकान चालवतात आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचं माप भांड्यात काढतात. मुलगी एकुलती एक. इथेच इंजिनिअर झाली, दोन वर्षं मिहानमधल्या एका कंपनीत होती, तिथून त्यांनी तिला सहा महिन्यांसाठी स्वित्झर्लंडला पाठवलं. त्या सहा महिन्यांना आता अकरा वर्षं झाली होती. पोळ्याला येते, दिवाळीला येते म्हणता म्हणता तिने तिथे तळ्याच्या वरच्या उतारावर एक लहानसं घर भाड्याने घेतलं आणि फ्रेंच बोलायला लागली.

एका रविवारी तिने फोनवर सांगितलं की ती तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करते आहे. दर काही वर्षांनी परवान्यासाठी रांगेत उभं राहायचा कंटाळा आला, असं म्हणाली. मग म्हणाली, ‘मला आता इथलंच व्हायचंय, आई.’ पुढे तिने सगळी रीत समजावून सांगितली. त्या देशात सरकार आधी विचारत नाही, आधी गाव विचारतं. गावातली चार-पाच माणसं अर्ज करणाऱ्याला बोलावतात, समोर बसवतात, आणि गावाच्या इतिहास-भूगोलावर तोंडी परीक्षा घेतात. गाव हो म्हणालं तर पुढे जिल्हा, मग देश.

इतिहास आणि भूगोल हे शब्द कानावर पडले आणि माझं बाकीचं ऐकणं थांबलं. निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत कुणी मला एखाद्या नदीचा उगमसुद्धा विचारला नव्हता. आणि इथे माझीच पोरगी म्हणत होती की तिला एका आख्ख्या गावाचा अभ्यास करायचा आहे. त्याच फोनमध्ये तिने हेही सांगितलं होतं की तिकडचा पासपोर्ट मिळाला की इकडचा द्यावा लागेल. ते मी ऐकलं नाही असं नाही. पण भाजी फोडणीला टाकताना बाहेरच्या खोलीतल्या बातम्या ऐकू येतात, तेवढंच ते ऐकलं.

दर रविवारी दुपारी दोनचा वर्ग ठरला. आमची जेवणं झालेली असत, तिची सकाळ असे. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गावाचा नकाशा काढला आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर, गॅसच्या बरोबर समोर टांगला. उत्तर वर. दक्षिणेला तळं निळ्या पेन्सिलने. तळ्यातून वर चढत जाणारा उतार, त्यावर दगडी बांधांच्या पायऱ्या आणि द्राक्षांचे मळे. मधून रेल्वेलाइन. रेल्वेमुळे गावाचे दोन भाग झालेले, खालचं गाव तळ्याशी आणि वरचं गाव मळ्यांत. पश्चिमेला डोंगरातून एक ओढा उतरतो आणि तळ्याला मिळताना गाळाचा पंखा पसरतो. मूळ वस्ती त्या पंख्याच्या काठावरच झाली. हा पंखा मी इतका सुंदर काढला होता की शेजारच्या बायकांनी तो रांगोळीला मागितला.

इतिहासही आम्ही मुळापासून घेतला. सगळ्यांत आधी तिथे जी माणसं आली, त्यांनी तळ्याच्या काठच्या दलदलीत लाकडाचे खांब रोवून त्यांवर घरं बांधली. हे बाजूला सुपारी कातरत बसलेले असत. त्यांना हे पटेना. एवढी कोरडी जमीन पडली असताना चिखलात घर काहून बांधायचं, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना वर्गात मधेच न बोलण्याची ताकीद दिली आणि मुलीकडून तीन कारणं वदवून घेतली. मग रोमन लोक आले आणि त्यांनी रस्ता केला. मग मठातले साधू आले आणि त्यांनी डोंगर कोरून मळे बसवले. मग डोंगरापलीकडच्या शहराने हा मुलूख जिंकला आणि वसुलीसाठी आपला माणूस आणून किल्ल्यात बसवला. तो माणूस सीताबर्डीच्या किल्ल्यावर असता तर कुठून कुठे बघत राहिला असता, असं सांगून मी तो भाग समजावला. तिला तो भाग लगेच समजला.

मग भौगोलिक कारणे. आमच्या बोर्डाच्या पेपरात हा प्रश्न असायचाच आणि माझ्या मुलीचे त्यातले गुण कधी गेले नाहीत. ‘गावात द्राक्षाची शेती यशस्वी होते. भौगोलिक कारणे द्या.’ एक, उतार दक्षिणेकडे असल्याने ऊन थेट मिळतं. दोन, तळ्याच्या पाण्यावरून ऊन परावर्तित होऊन उतारावर पडतं. तीन, दगडी बांध दिवसभर तापतात आणि संध्याकाळी ती उष्णता वेलींना देतात. या तिसऱ्या कारणाला ह्यांनी मान डोलावली. मे महिन्यात आमच्या गच्चीच्या भिंतीला पाठ टेकून बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘मंग आपल्या गच्चीवर अंगूर काहून नाही येत?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मात्र मी त्यांना वर्गाबाहेर काढलं.

खरं सांगते, ते सहा महिने माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे होते. मी गावाचं संकेतस्थळ फोनवर भाषांतर करून वाचत असे. बोटीच्या धक्क्यावर किती वाजता बोट लागते, कचरा कुठल्या वारी उचलतात, चर्चच्या घड्याळाला काय झालं होतं, सगळं मला माहीत होतं. सीताबर्डीला ब्लाउजपीस घ्यायला गेले तर गर्दीत उभी राहून मी मनातल्या मनात ओढ्याचे उजवे-डावे ओहोळ म्हणत असे. मुलीपेक्षा माझाच अभ्यास पक्का होता. तिला एखादी गोष्ट आठवली नाही की मी तोंडावर पदर धरून हसायची आणि उत्तर सांगायची नाही.

आता चुकीकडे येते. आमच्या पुस्तकांतला प्रत्येक धडा ‘समस्या व उपाय’ या मुद्द्यावर संपतो. मुद्दा राहिला की दोन गुण गेले. म्हणून मी गावाच्या समस्या शोधायला बसले आणि मला एकही सापडेना. सगळं स्वच्छ, सगळं वेळेवर, नाली कुठे उघडी नाही. अशा गावावर धडा लिहायचा तरी कसा, या विचाराने माझी चिडचिड झाली. मी उपग्रहाचं चित्र मोठं करकरून गावाचा कोपरा न् कोपरा तपासला. आणि एका दुपारी मला ती दिसली. स्टेशनच्या पश्चिमेला, रेल्वेलाइन आणि ओढा यांच्या मधल्या जागेत, एकाला एक लागून लहान लहान छपरं. काही पत्र्याची, काही लाकडी, एकही सरळ रेषेत नाही. मधून माणूस जाईल एवढ्याच वाटा. छपरांशी निळे ड्रम.

रेल्वेलाइन, नाला, मधे पत्र्याची छपरं आणि पाण्याचे निळे ड्रम. नागपुरात जन्म गेलेल्या बाईला आणखी कोणता पुरावा पाहिजे? मी वहीत लिहिलं: ‘समस्या: रेल्वेलगत अतिक्रमण व झोपडपट्टी. उपाय: रहिवाशांचं पक्क्या घरांत पुनर्वसन, नळ, शौचालय, मुलांसाठी शाळा.’ मला त्या गावाबद्दल एकदम आपुलकी वाटली. शेवटी त्यांचंही आपल्यासारखंच आहे म्हणायचं.

मुलगी म्हणाली की तिला हे माहीत नव्हतं, ती त्या बाजूला कधी गेली नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, घर वरच्या बाजूला, सकाळी पायऱ्या उतरल्या की स्टेशन, संध्याकाळी स्टेशनवरून पायऱ्या चढल्या की घर. शनिवारी धुणं, रविवारी मी. तिला पश्चिमेकडे जायचं कामच पडलं नव्हतं. मी ‘बरं’ म्हटलं आणि पुढचा मुद्दा घेतला.

परीक्षा एका मंगळवारी संध्याकाळी होती. ग्रामपंचायतीच्या दालनात पाच माणसं होती, मधे सरपंचबाई. (तिथे त्यांना वेगळं काही म्हणतात, पण ज्या बाईकडे गावाचा शिक्का असतो तिला आम्ही सरपंच म्हणतो.) माझ्या मुलीने खांबांवरच्या घरांपासून सुरुवात केली. रोमन, साधू, वसुलीवाला, सगळं क्रमाने, मुद्द्यांसकट. ओढ्याची दिशा, गाळाचा पंखा, द्राक्षांची तीन कारणं. एक गृहस्थ तर म्हणे तिचं ऐकून स्वतःच टिपून घ्यायला लागले. मग सरपंचबाईंनी सहज विचारलं, की आमच्या गावात तुम्हाला एखादी अडचण दिसते का?

माझी मुलगी सरसावून बसली. तिने सांगितलं की स्टेशनच्या पश्चिमेला रेल्वेलगत गरीब लोक अतिशय दाटीवाटीने झोपड्यांमध्ये राहतात, आणि गावाने त्यांना पक्की घरं द्यायला हवीत. नळ आणि शौचालयही तिने सोडलं नाही.

मग टेबलाच्या टोकाला बसलेले एक आजोबा म्हणाले की त्यातली एक झोपडी त्यांची आहे. ते तिथे टमाटे आणि शेंगा लावतात. संध्याकाळी घरी जेवायला जातात. ते भाजीचे वाफे होते. ज्यांच्या घराला अंगण नाही अशा लोकांना गावाने एकेक लहान तुकडा दिलेला, आणि प्रत्येक तुकड्यावर कुदळ-फावडं ठेवायला एक खोपटं. निळे ड्रम पावसाचं पाणी धरायला. बाकीचे चौघे हसले, पण वाईट हसले नाहीत. सरपंचबाईंनी मग अगदी हळुवार विचारलं की तुमच्या शेजारी कोण राहतं, पाव कुणाकडून घेता, गावात शेवटचं कुणाशी बोललात. यातलं एकही माझ्या वहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्जदाराचं गावाविषयीचं ज्ञान उत्तम आहे, पण अर्जदार या गावात राहतात असं जाणवलं नाही. एका वर्षाने पुन्हा यावं.

ते मुलीने मला सकाळीच लिहून कळवलं. मी वाचलं, फोन ठेवला आणि कामाला लागले. दुपारी हे दुकानातून जेवायला आले, पाटावर बसले आणि ताटाकडे बघत राहिले. ताटात शिरा होता. केशर, बेदाणे, वरून तूप सोडलेलं. तो मी केव्हा केला ते मला खरंच आठवत नव्हतं.

‘पोरगी नापास झाली,’ हे म्हणाले, ‘अन् तू शिरा करून राहिली?’

मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं, रवा जुना होत होता वगैरे. ह्यांनी शिरा खाल्ला आणि पुन्हा विचारलं नाही. पण मी भांडी घासताना रडले. एकतीस वर्षांत एकाही पोराच्या नापास होण्याचा मला आनंद झाला नव्हता. जो पोरगा वर्गात माझी नक्कल करायचा, त्याच्यासुद्धा नाही. आणि इथे माझ्या स्वतःच्या मुलीची सहा महिन्यांची मेहनत वाया गेली होती आणि मी तूप सोडत होते.

रविवारी तिचा फोन आला. ती शांत होती, आणि ती शांत असली की मला भीती वाटते.

‘आई,’ ती म्हणाली, ‘ते झोपडपट्टीचं तू मुद्दाम लिहून दिलं होतं का?’

मला इतका राग आला की हातातली चाळणी मी ओट्यावर आपटली. मी तिला म्हटलं, ‘मले खोटं शिकवता येते असं वाटते तुले? एकतीस वर्षं काय केलं मंग म्या?’ आणखीही बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन मीच ठेवला. पुढचे दोन रविवार आमच्याकडे दुपारी दोन वाजता काहीही झालं नाही. हे बैठकीत पेपर वाचत, मी आत डाळ निवडत बसे. नकाशा समोरच होता.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी ह्यांनी विषय काढला. हे तसे बोलणारे नाहीत. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून घरी शब्द उरत नाहीत त्यांच्याकडे. पण त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘तिनं पास व्हाव का नाही व्हाव, हे तू आधी ठरोव. मंग शिकोव तिले.’

मी त्यांच्यावरही डाफरले. पण रात्रभर ते वाक्य काही मला सोडेना. मुद्दाम नव्हतं लिहिलं. हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. पण ती म्हणाली होती ना, की ती त्या बाजूला कधी गेली नाही? मग त्याच क्षणी मी तिला ‘आधी जाऊन बघून ये’ असं काहून म्हटलं नाही? नाग नदीवर निबंध लिहायला देताना मी प्रत्येक वर्गाला आधी नदीवर पाठवलं होतं, नाकाला रुमाल बांधून का होईना. जो न बघता लिहील त्याचे गुण कापले होते. माझ्या मुलीला तेवढंच मी सांगितलं नाही. ते विसरले, की तिने ते गाव बघूच नये, नुसतं पाठ करावं, असं मला कुठेतरी आत वाटत होतं, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

रविवारी दोन वाजता मीच फोन लावला. आधी माफी मागितली. मग म्हटलं की नकाशा मी भिंतीवरून काढला आहे, वही बंद कर, आणि त्या आजोबांना जाऊन भेट. रिकाम्या हाताने जायचं नाही. ज्याच्या मळ्याला आपण झोपडपट्टी म्हणालो त्याच्याकडे काहीतरी घेऊन जायचं असतं. काय नेऊ, तिने विचारलं. मी म्हटलं, सांबारवडी.

कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि तिचं सारण भरलेली तळलेली वडी ही आमच्या नागपूरची. तिला ती तिथे दोनदा करावी लागली, पहिल्यांदा तेलात उकलली. मग डबा घेऊन ती अकरा वर्षांत पहिल्यांदा स्टेशनच्या पश्चिमेला गेली. आजोबा होते. त्यांनी एक वडी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं, रुमाल फिरवला आणि दुसरी घेतली. आत काय आहे विचारलं. तिने इकडे तिकडे पाहिलं तर त्यांच्याच वाफ्याच्या कोपऱ्यात सांबार उभा होता, फुलाला आलेला. ते त्याचे दाणे लोणच्याला वापरत आणि पानं उपटून कचऱ्यात टाकत.

माझ्या मुलीला हे बघवलं नाही. एवढ्या हिरव्यागार सांबाराची पानं फेकणारा माणूस आमच्या घराण्यात कुणी पाहिला नव्हता. तिने त्यांना तिथल्या तिथे झापलं, फ्रेंचमध्ये, आणि आजोबांनीही तिला परत झापलं, की मग तूच येऊन वेळेवर खुडत जा. ती पुढच्या शनिवारी गेली. त्याच्या पुढच्याही.

त्यानंतर माझा रविवारचा वर्ग हळूहळू आटत गेला. कधी फोन तीन वाजता, कधी पाचच मिनिटं, मागे कुणीतरी कुदळ मारत असल्याचा आवाज. ती मला सांगायला लागली आणि मी ऐकायला लागले. पाववालीचा गुडघा दुखतो म्हणून ती मंगळवारी दुकान लावत नाही. शेजारी एक शिंपीणबाई राहतात आणि त्यांना भिंतीतून हिचा माझ्याशी चाललेला इतिहासाचा वर्ग सहा महिने ऐकू येत होता, भाषा न समजता. द्राक्षं तोडायला गावातली सगळी माणसं लागतात आणि तिला दोन दिवस पाठीवर टोपली दिली होती. मी इतक्या प्रेमाने काढलेला तो ओढा उन्हाळ्यात जवळजवळ कोरडा असतो, हेही तिनेच मला सांगितलं. मी म्हटलं, चित्रात पाणी दिसतं. ती म्हणाली, ‘आई, मी त्यात उभी आहे.’

मला अभिमान वाटला आणि लागलंही. विद्यार्थी पुढे गेला की मास्तरणीला आनंद व्हावा अशी अपेक्षा असते, आणि होतोही. पण त्या गावातला मला माहीत असलेला एकमेव माणूस ती होती, आणि तीही आता माझ्या नकाशावर सापडत नव्हती. ह्यांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि नुसती मान हलवली.

दुसरी तोंडी परीक्षा अर्धा तास चालली. खांबांवरची घरं कुणी विचारलीच नाहीत. सरपंचबाईंनी पुन्हा तोच प्रश्न टाकला, गावात अडचण काय आहे, आणि माझी मुलगी म्हणाली की भाजीच्या वाफ्यांसाठी फार वर्षं वाट बघावी लागते आणि काही लोक चांगली पानं फेकून देतात. टोकाच्या आजोबांनी टेबलावर थाप मारली. त्या दिवशीच तिला कळलं की झालं.

ह्यांनी दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकं विचारत, पोरगी कशात पास झाली? हे सांगत, ग्रामपंचायतीत. अर्ध्या इतवारीला आजही वाटतं की आमची मुलगी परदेशात निवडणूक जिंकली. मीही शिरा केला, आणि यावेळी काहून केला ते मला माहीत होतं. जीव लावून शिकलेल्या पोरीसाठी केला.

जिल्ह्याचं आणि देशाचं व्हायला आणखी वर्ष गेलं. मग एक दिवस तिने नवा लाल पासपोर्ट फोनवर दाखवला. त्याच्या पुढच्या महिन्यात जुना निळा दाखवला. दूतावासाने रद्दचा शिक्का मारून तो परत दिला होता. ह्यांनी चष्मा लावून शिक्का दोनदा वाचला.

दिवाळीला ती यायची होती. तिकीट काढलं होतं, पण आता आधी व्हिसा लागणार होता. रविवारी दुपारी ती फॉर्म भरायला बसली आणि आम्हाला फोनवर घेतलं, कारण त्यात आमची माहिती लागत होती. ती एकेक रकाना वाचत होती आणि मी फटाफट उत्तरं देत होते. वडिलांचं जन्मस्थान. आईचं जन्मस्थान. आधीचं राष्ट्रीयत्व. भारतात ओळखीचं कुणी असल्यास त्यांचं नाव. ह्यांनी आपलं नाव स्वतः सांगितलं, अक्षरं सुटी करून. आम्ही हसत होतो. मग तिने पुढचा रकाना वाचला.

‘यापूर्वी भारताला भेट दिली आहे का?’

तिने हो केलं. त्याखाली आणखी एक रकाना उघडला. दिली असल्यास, तिथे राहण्याचा पत्ता. तिचं हसणं थांबलं. ह्यांनी सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला.

‘आई,’ ती म्हणाली, ‘काय लिहू?’

परीक्षेत मी कधी कुणाला उत्तर सांगितलं नव्हतं. मी पत्ता सांगायला लागले. घर क्रमांक. मग गल्ली. मग मारुतीच्या देवळामागे. इतवारी. ‘हळू सांग,’ ती म्हणाली, आणि मी पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून सांगितला. हा पत्ता ती तीन वर्षांची असताना मीच तिच्याकडून घोकून घेतला होता, बाजाराच्या गर्दीत हात सुटला तर कुणाला तरी सांगता यावा म्हणून. ती माझ्यामागून एकेक शब्द म्हणत टाइप करत राहिली, आणि माहीत आहे असं एकदाही म्हणाली नाही.